व्हॉट्सॲप फॉरवर्डचा अभ्यास कोण करतं? प्रिन्स्टनच्या उन्हाळी वर्गापासून आपल्या फॅमिली ग्रुपपर्यंतची गोष्ट

१ जुलै २०१८. रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात आठवडी बाजार भरला होता. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण गावात आले होते. ही मुलं पळवणारी टोळी आहे, अशा संशयावरून जमावाने त्यांना पकडलं आणि ठेचून मारलं. पाचही जण गेले.

त्या काळात ‘मुलं पळवणारी टोळी आली आहे, सावध राहा’ असे मेसेज मोबाइलवरून फिरत होते. तुमच्याही ग्रुपवर तेव्हा एखादा आला असेल.

पोलिसांनी गुन्हा दाखल केला, अटका झाल्या. पण एका प्रश्नाचं उत्तर पोलिस तपासातून मिळणार नव्हतं. अशी अफवा नेमकी पसरते कशी? किती ग्रुपमधून जाते? कोणत्या टप्प्यावर ती थांबवता आली असती? ज्या व्हॉट्सॲपवरून हे मेसेज जात होते, त्या कंपनीने त्याच महिन्यात भारतात फॉरवर्डवर मर्यादा आणली. एका वेळी फक्त पाच चॅट. या मर्यादेचा उपयोग झाला का, हे कंपनीच्या बाहेर बसून मोजायचं कसं?

असे प्रश्न सोडवणारी एक वेगळी विद्याशाखा गेल्या दीड दशकात उभी राहिली आहे. नाव आहे कम्प्युटेशनल सोशल सायन्स. आणि ती शिकवण्यासाठी अमेरिकेतल्या दोन प्राध्यापकांनी सुरू केलेला दोन आठवड्यांचा उन्हाळी वर्ग आज जगातल्या अनेक विद्यापीठांत भरतो. हे नेमकं काय आहे, त्यात काय शिकवतात आणि त्याचा आपल्याशी काय संबंध, हे समजून घेऊया.

कम्प्युटेशनल सोशल सायन्स म्हणजे काय?

समाजाचा अभ्यास करायची आपल्या ओळखीची पद्धत म्हणजे सर्वेक्षण. प्रश्नावली घ्यायची, घरोघरी जायचं, उत्तरं लिहून घ्यायची. महाराष्ट्रात याची मोठी परंपरा आहे. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये धनंजयराव गाडगीळांच्या काळात पुणे शहराची आर्थिक-सामाजिक पाहणी झाली. त्याच संस्थेतून १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास आला आणि देशभर गाजला.

पण आता माणूस न विचारता उत्तरं देत असतो. तुम्ही काय सर्च केलं, कुणाची पोस्ट लाइक केली, रात्री किती वाजता रील बघत होता, फोनचा रिचार्ज किती रुपयांचा मारला, या सगळ्याची नोंद कुठेतरी होते. या नोंदींना डिजिटल ठसे म्हणूया. असे कोट्यवधी ठसे संगणकाच्या मदतीने तपासून माणसांच्या वागण्याबद्दल काही शोधून काढणं म्हणजे कम्प्युटेशनल सोशल सायन्स.

२००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात डेव्हिड लेझर आणि सहकाऱ्यांनी लिहिलेल्या लेखानंतर हे नाव सगळीकडे रुळलं. त्या लेखात तेव्हाच एक धोका सांगितला होता. हा अभ्यास फक्त गुगलसारख्या कंपन्या आणि सरकारी गुप्तचर यंत्रणांपुरता मर्यादित राहील आणि बाहेरच्या कुणाला तो तपासताच येणार नाही, अशी ती भीती होती. ही भीती लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

दोन आठवड्यांत शिकवतात काय?

अडचण अशी होती की समाजशास्त्र शिकलेल्यांना कोडिंग येत नव्हतं आणि कोडिंग येणाऱ्यांना समाजाबद्दल नेमका कोणता प्रश्न विचारायचा हे माहीत नव्हतं. दोघं वेगवेगळ्या इमारतींत बसायचे.

प्रिन्स्टन विद्यापीठाचे मॅथ्यू साल्गानिक आणि ड्यूक विद्यापीठाचे ख्रिस बेल या दोन समाजशास्त्रज्ञांनी यावर उपाय म्हणून ‘समर इन्स्टिट्यूट इन कम्प्युटेशनल सोशल सायन्स’ सुरू केलं. पहिला वर्ग जून २०१७ मध्ये प्रिन्स्टनला भरला. पैसा रसेल सेज फाउंडेशन आणि स्लोन फाउंडेशन या संस्थांनी दिला. पीएचडी करणारे विद्यार्थी, नवे संशोधक, नोकरीला नुकतेच लागलेले प्राध्यापक असे साधारण तीस जण. मुख्य वर्गाला निवड झाली की फी नाही, उलट प्रवासाचा आणि राहण्याचा खर्चही मिळतो.

पहिल्या आठवड्यात रोज एक विषय असतो. इंटरनेटवरून डेटा कसा गोळा करायचा, हजारो पोस्टचा मजकूर संगणकाकडून कसा वाचून घ्यायचा, ऑनलाइन सर्वेक्षण आणि प्रयोग कसे करायचे. दुसऱ्या आठवड्यात गट पाडून प्रत्यक्ष संशोधन.

गट पाडायची पद्धतही मजेशीर आहे. प्रत्येकाने आपल्या आवडीचे विषय एका शीटमध्ये भरायचे. मग आधी आवडी जुळणाऱ्यांना एकत्र बसवतात आणि नंतर मुद्दाम अजिबात न जुळणाऱ्यांना. म्हणजे निवडणुकांचा अभ्यास करणारी मुलगी आणि साथीच्या रोगांचा अभ्यास करणारा मुलगा एका टेबलावर येतात आणि दोघांना मिळून करता येईल असा प्रश्न शोधतात.

पुढच्याच वर्षापासून हा वर्ग इतर शहरांतही भरू लागला. फिनलंडमधलं हेलसिंकी, दक्षिण आफ्रिकेतलं केप टाऊन अशा ठिकाणी. अनेक ठिकाणी आधी शिकून गेलेल्यांनीच आपल्या विद्यापीठात तो सुरू केला. व्याख्यानांचे व्हिडिओ, स्लाइड, कोड हे सगळं इंटरनेटवर फुकट आहे.

सुरुवात कोडिंगने नाही, नैतिकतेने

या वर्गातली एक गोष्ट आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाची आहे. सुरुवातीलाच संशोधनाच्या नैतिकतेवर चर्चा होते, कोडिंगची वेळ त्यानंतर येते. असं का, हे कळण्यासाठी दोन जुनी प्रकरणं बघू.

पहिलं प्रकरण फेसबुकचं. जानेवारी २०१२ मध्ये एक आठवडाभर फेसबुकने ६ लाख ८९ हजार ३ वापरकर्त्यांच्या फीडमध्ये बदल केला. काहींच्या फीडमधून आनंदी पोस्ट कमी केल्या, काहींच्या फीडमधून दुःखी. समोर जे दिसतं त्याचा परिणाम आपण काय लिहितो यावर होतो का, हे त्यांना बघायचं होतं. परिणाम सापडला, पण अगदी किरकोळ. २०१४ मध्ये संशोधन छापून आलं तेव्हा गदारोळ झाला तो वेगळ्याच कारणाने. या लोकांना आपल्यावर प्रयोग चालू आहे हेच माहीत नव्हतं. साइन अप करताना आपण न वाचता ज्या अटींवर ‘ॲग्री’ दाबतो, तीच त्यांची ‘संमती’ धरली होती. ज्या नियतकालिकात हा अभ्यास छापून आला, त्याने नंतर त्याबद्दल चिंता व्यक्त करणारी संपादकीय टीप प्रसिद्ध केली.

दुसरं प्रकरण हार्वर्डचं. तिथल्या विद्यार्थ्यांच्या फेसबुक प्रोफाइलवरून तयार केलेला डेटा २००८ मध्ये इतर संशोधकांसाठी खुला केला गेला. नावं काढून टाकली होती, कॉलेजचं नावही लपवलं होतं. तरी डेटासोबतच्या वर्णनावरून हे कॉलेज हार्वर्ड आहे, हे थोड्याच दिवसांत ओळखलं गेलं. डेटा मागे घ्यावा लागला.

नाव काढलं म्हणजे माणूस लपला असं होत नाही, हा त्यातला धडा. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ‘बी विंगमधले निवृत्त शिक्षक, ज्यांच्याकडे दोन कुत्रे आहेत’ असं कुणी लिहिलं तर नावाची गरज उरते का? तसंच.

डेटा मोठा म्हणजे खरा असतो का?

हा दुसरा मोठा धडा. उत्तर आहे, नाही.

२००८ मध्ये गुगलने ‘फ्लू ट्रेंड्स’ सुरू केलं. लोक फ्लूबद्दल काय सर्च करतात यावरून साथ कुठे किती आहे, हे सरकारी आकड्यांच्या आधी सांगायचं, अशी कल्पना होती. सुरुवातीला सगळे थक्क झाले. पण २०१३ च्या सुरुवातीला लक्षात आलं की गुगलचा अंदाज अमेरिकेच्या सरकारी आकड्यांच्या दुपटीहून जास्त आहे. सर्च करणारा प्रत्येक जण आजारी नसतो. कुणी टीव्हीवर बातमी बघून घाबरून सर्च करतो, कुणी गुगलनेच सुचवलं म्हणून क्लिक करतो. शिवाय गुगल आपला सर्चही सतत बदलत असतं. २०१५ मध्ये हे आकडे देणं गुगलने थांबवलं.

साल्गानिक यांचा स्वतःचा अनुभवही असाच आहे. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ४,२४२ कुटुंबांचा, मुलांच्या जन्मापासून नऊ वर्षांपर्यंतचा डेटा जगभरातल्या टीमना दिला. प्रत्येक कुटुंबाबद्दल जवळपास १३ हजार नोंदी होत्या. आव्हान असं होतं की मुलं पंधरा वर्षांची होतील तेव्हा त्यांचे मार्क, घरातली आर्थिक ओढाताण, कुटुंबाला घर सोडावं लागणं अशा सहा गोष्टींचा अंदाज सांगा. १६० टीमनी मशीन लर्निंगची सगळी हत्यारं काढली. २०२० मध्ये निकाल छापून आला. सर्वोत्तम अंदाजही फारसा बरोबर नव्हता, आणि फक्त चार नोंदींवर चालणाऱ्या साध्या मॉडेलपेक्षा तो किंचितच बरा होता.

‘आमचं एआय सांगतं की अमुक माणूस कर्ज बुडवणार, अमुक मुलगा शाळा सोडणार’ असा दावा उद्या कुणी केला, तर हा निकाल आठवायला हरकत नाही.

कधी कधी तर आपली ठाम समजूतच उलटी पडते. विरोधी बाजूचं वाचलं की माणसाचं मन मोकळं होतं, असं आपण मानतो. ख्रिस बेल यांच्या टीमने अमेरिकेतल्या ट्विटर वापरकर्त्यांना पैसे देऊन महिनाभर एक बॉट फॉलो करायला लावला. हा बॉट रोज विरोधी विचारांचे २४ मेसेज दाखवायचा. महिन्याने रिपब्लिकन पक्षाचे समर्थक आपल्या मतांवर आणखी कडक झालेले दिसले. डेमोक्रॅट समर्थकांमध्ये ठोस असा फरक आढळला नाही. या प्रयोगात सहभागी झालेल्यांना आपण एका अभ्यासात आहोत हे माहीत होतं आणि त्याचा मोबदलाही मिळत होता. फेसबुकच्या प्रयोगापेक्षा हा फरक मोठा आहे.

मग अडचण कुठे आहे? नळ बंद झालाय

शिकवणारे आहेत, शिकणारे आहेत, साहित्य फुकट आहे. पण ज्यावर काम करायचं तो डेटाच आता मिळेनासा झाला आहे.

याची एक सुरुवात २०१८ च्या केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणात आहे. फेसबुकवरच्या एका क्विझ ॲपमधून ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती एका राजकीय सल्लागार कंपनीकडे गेली असावी, असं फेसबुकने सांगितलं. भारतातला आकडा ऐकण्यासारखा आहे. ते ॲप भारतात फक्त ३३५ जणांनी घेतलं होतं. पण त्यांच्या फ्रेंड लिस्टमुळे एकूण ५ लाख ६२ हजार ४५५ भारतीयांची माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता होती. ते ॲप केंब्रिज विद्यापीठातल्या एका संशोधकानेच बनवलं होतं.

यानंतर कंपन्यांनी दारं बंद करायला सुरुवात केली. कारण म्हणून लोकांची प्रायव्हसी पुढे केली गेली. त्यात तथ्य आहेच. पण नंतरची दारं बंद झाली ती प्रायव्हसीसाठी नाही.

२०२१ मध्ये ट्विटरने संशोधकांना महिन्याला १ कोटी ट्विटपर्यंत फुकट मिळतील अशी सोय केली होती. इलॉन मस्क मालक झाल्यावर २०२३ मध्ये फुकटचा मार्ग बंद झाला आणि बऱ्यापैकी डेटा हवा तर महिन्याला ५ हजार डॉलरचा प्लॅन आला. त्याच वर्षी रेडिटने दर लावले. फेसबुक-इन्स्टाग्रामवर काय व्हायरल होतंय हे पत्रकारांना आणि संशोधकांना दाखवणारं क्राउडटँगल हे टूल मेटाने ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केलं. मेटाने त्याजागी दुसरी लायब्ररी दिली, पण ती सगळ्यांना मिळत नाही.

२००९ च्या लेखात सांगितलेली भीती आठवते ना? डेटा आहे, पण तो फक्त कंपनीकडे आहे. आमच्या प्लॅटफॉर्मवर द्वेष कमी झाला, असं कंपनी म्हणाली तर ते खरं की खोटं हे बाहेरून कुणी तपासायचं?

युरोपने यावर कायदा केला. तिथल्या डिजिटल सर्व्हिसेस ॲक्टनुसार, युरोपीय संघात महिन्याला साडेचार कोटींहून जास्त वापरकर्ते असलेल्या प्लॅटफॉर्मना पारखून घेतलेल्या संशोधकांना डेटा द्यावा लागतो. भारताच्या २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात संशोधनासाठी सवलत आहे. ठरवून दिलेले निकष पाळले आणि त्या डेटावरून कुण्या एका व्यक्तीबद्दल निर्णय घेतला नाही, तर संशोधनाला कायद्यातून सूट मिळते. पण कंपनीने संशोधकाला डेटा द्यायलाच हवा, अशी सक्ती त्यात नाही. म्हणजे नळाला हात लावायला बंदी नाही, फक्त नळाला पाणी येत नाही.

भारतात आणि मराठीत काय चाललंय?

पुन्हा राईनपाड्याकडे येऊ. २०१८ मध्येच व्हॉट्सॲपने चुकीच्या माहितीवर अभ्यास करायला जगभरातल्या २० संशोधक गटांना निधी जाहीर केला. पण सोबत अट अशी होती की व्हॉट्सॲपचा कोणताही डेटा मिळणार नाही. मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतात, म्हणजे मजकूर कंपनीलाही वाचता येत नाही.

मग संशोधकांनी वेगळा रस्ता काढला. लिंक उघड असलेले, कुणीही जॉइन होऊ शकतं असे सार्वजनिक ग्रुप त्यांनी गाठले. किरण गरिमेला आणि डीन एकल्स यांनी भारतातल्या सुमारे ५ हजार राजकीय ग्रुपमधल्या फोटोंचा अभ्यास केला. त्यात सुमारे १३ टक्के फोटो चुकीची माहिती देणारे निघाले. त्यातले बरेच खोटे बनवलेले नव्हतेच. जुना खरा फोटो नव्या घटनेच्या नावाने फिरत होता.

आणि पाच चॅटच्या मर्यादेचं काय? ब्राझीलमधल्या संशोधकांनी गरिमेला यांच्यासोबत ब्राझील, भारत आणि इंडोनेशियातल्या सार्वजनिक ग्रुपचा डेटा घेऊन हे तपासलं. मर्यादेमुळे मेसेज पसरायला बराच उशीर होतो. पण मेसेज फारच व्हायरल असेल, तर सार्वजनिक ग्रुपमधून तो पसरायचा थांबत नाही.

ज्या गावात अफवा पोहोचल्यावर काही मिनिटांत जमाव जमतो, तिथे काही तासांचा उशीरही मोलाचा आहे. पण तो पुरेसा आहे का, हे ठरवायला खासगी ग्रुपमध्ये काय होतं ते कळायला हवं. खासगी ग्रुपमध्ये संशोधकाने घुसावं असं आपल्यालाही वाटणार नाही. या प्रश्नाला सोपं उत्तर नाही. म्हणूनच त्या वर्गात नैतिकता आधी येते.

दुसरी अडचण भाषेची. हजारो पोस्ट संगणकाकडून वाचून घ्यायच्या तर संगणकाला ती भाषा यायला हवी. या विषयातली बहुतेक साधनं इंग्रजीवर घडली आहेत. ‘वा, काय रस्ता केलाय महापालिकेने’ हे कौतुक आहे की टोमणा, हे मराठी माणसाला लगेच कळतं, मशीनला नाही. त्यात आपण अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी आणि तेही रोमन लिपीत टाइप करतो.

पुण्यातल्या एल३क्यूब या गटाने यावर चांगलं काम केलं आहे. त्यांनी सुमारे १६ हजार मराठी ट्विट चांगलं, वाईट, तटस्थ अशी वर्गवारी करून सगळ्यांसाठी खुली केली. द्वेषपूर्ण मजकूर ओळखण्यासाठी २५ हजारांहून जास्त मराठी ट्विटचा वेगळा संच केला. आज कुणाला असाच नवा संच फुकट बनवायचा असेल, तर जुना मार्ग उरलेला नाही.

याचा माझ्याशी काय संबंध?

प्रत्येक निवडणुकीनंतर ‘सोशल मीडियाने निकाल फिरवला’ अशी पोस्ट येते. ‘७० टक्के नेटकऱ्यांना अमुक नेता हवा’ असा ग्राफिकही येतो. पुढच्या वेळी तो शेअर करण्याआधी तीन प्रश्न विचारा. हा डेटा कुठून आला? यात कोण नाही? म्हणजे गावातल्या, फोन न वापरणाऱ्या, फक्त वाचणाऱ्या आणि कधीच कमेंट न करणाऱ्या लोकांचं काय? आणि तिसरा, हा आकडा बाहेरच्या कुणी तपासला आहे का? तिन्हींची उत्तरं नसतील तर तो ग्राफिक म्हणजे नुसतं मत आहे, टक्केवारीचं चिन्ह लावलेलं.

आणि तुम्ही समाजशास्त्र, राज्यशास्त्र, पत्रकारिता किंवा कम्प्युटर शिकत असाल तर या वर्गासाठी अमेरिकेला जायलाच हवं असं नाही. साल्गानिक यांचं ‘बिट बाय बिट’ हे पुस्तक इंटरनेटवर फुकट वाचता येतं, वर्गाची व्याख्यानंही बघता येतात. दोन्ही इंग्रजीत आहेत, पण भाषा अवघड नाही. कॉलेजमधल्या समाजशास्त्राच्या आणि कम्प्युटरच्या चार-चार मुलांनी एकत्र बसून ते केलं तरी सुरुवात होईल.

कारण पुढची अफवा मराठीतच येणार आहे. ती कुठून आली आणि कुठे थांबवता आली असती, हे शोधायला मराठी वाचता येणारी माणसं लागतील. आणि त्यांच्या हातात डेटा लागेल.